जीपपुरता पूल

चीनच्या लढाईनंतर माझी बदली बंगळुरात झाली. गाव माझंच. चिक्कपेटेत आमच्या कित्येक पिढ्या गेल्या. घरात मराठी, ओट्यावर कन्नड. बदलीचं कळल्यावर आईनं देवापुढे साखर ठेवली. मी मात्र खट्टू होतो, कारण लढाई माझ्याशिवाय होऊन गेली होती. मी लष्कराच्या इंजिनिअर कंपनीत नाईक होतो आणि माझं काम नव्या रिक्रुटांना लोखंडी बेली पूल जोडायला शिकवायचं.

ट्रेनिंग के. आर. पुरमच्या पुढे एका केरेवर, म्हणजे तळ्यावर, चाले. सकाळी पीटी, नाश्ता, मग दिवसभर पुलाची पॅनेलं, म्हणजे लोखंडी चौकटी, उचलणं. एक पॅनेल उचलायला सहा जण लागत. कामाआधी मी रिक्रुटांना ओरडून विचारत असे, "दुनिया में सबसे अच्छा मुल्क?" उत्तर यायचं, "हिंदुस्तान!" तळ्यावरचे बगळे उडाले नाहीत तर पुन्हा ओरडायला लावायचो. माझा त्यावर मनापासून विश्वास होता.

एकच माणूस ओरडत नसे, हवालदार बसवंत पाटील. अथणीकडचा, मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारा. नेफाच्या, म्हणजे चीनच्या सरहद्दीवरच्या, बर्फात डाव्या पायाची बोटं घालवून आला होता. परेडवर मी त्याला हवालदारसाहेब म्हणे, एरवी अण्णा.

एकदा मी चिडून विचारलंच. "अण्णा, तुम्ही गप्प का? रिक्रुट बघतात."

"वरडून काय हुतंय?"

"देश चांगला नाही म्हणता?"

"माझाच हाय की रं. पर सगळ्यांत चांगला? बर्फात आमास्नी कॅनव्हासचे बूट दिलते. बूट न्हाईत म्हणून आधी सांगितलं असतं, तर पायाला पोती बांधून गेलो असतो. सगळं हाय, सगळं हाय म्हणत धाडलं."

पुलाच्या तोंडाशी पिवळी पाटी होती. पूल किती वजन पेलतो ते अशा पाटीवर लिहिलेलं असतं. अण्णानं तिच्याकडे बोट केलं. "एवढंच पेलतंय म्हणून लिवलं, तर पूल लहान हुतोय काय?"

मला राग आला. घरचं उणं चारचौघांत काढू नये, असंच आम्हाला शिकवलेलं. त्यानंतर काही दिवस मी कामापुरतंच बोललो. त्यानंही मनावर घेतलं नाही. चहाचा मग मात्र रोज माझ्याकडे सरकवायचा.

मग दिल्लीहून एक बडे पाहुणे येणार असल्याचं कळलं. त्यांच्यासमोर पूल बांधून दाखवायचा होता. चांगली पॅनेलं सगळी सरहद्दीवर गेली होती, आणि ते योग्यच होतं. आमच्याकडे उरली ती इंग्रजांच्या काळातली, सांध्याला तडे गेलेली. आमच्या कंपनीच्या मेजरसाहेबांनी स्वतः ती तपासली आणि म्हणाले, "सिर्फ जीप." अण्णानं पाटीवर तसं रंगवलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मेजरसाहेब परत आले. म्हणाले, ही पाटी काढा, बरं दिसत नाही. पाटी स्टोअरमध्ये गेली.

आमच्या कंपनीत एक रीत होती. पुलावरून पहिल्यांदा गाडी जाताना, ज्यानं तो बांधला त्यानं खाली उभं राहायचं. गाडी बदलली, वजन वाढलं, की पुन्हा उभं राहायचं. कुठल्या कायद्यात हे लिहिलेलं नव्हतं, पण चुकवलेलं मी कधी पाहिलं नाही.

दुपारी पाहुणे आले. मंडप बंधाऱ्यावर होता. मी पुलाच्या तोंडाशी वायरलेस सेट घेऊन उभा होतो. पूल अण्णानं बांधून घेतला होता, म्हणून तो आपल्या माणसांसह खाली, तळ्याच्या आटलेल्या भागात उभा होता. जीप गेली, टाळ्या झाल्या. थोड्या वेळानं सेटवर मेजरसाहेबांचा आवाज आला.

"मेहमान पूछ रहे हैं, बस जीप ही? थ्री-टनर भेजो. ओव्हर."

"सर, पूल सिर्फ जीप का है. ओव्हर."

"मालूम है. गाडी में लोड नहीं है. भेजो. आउट."

मी खाली वाकून ओरडलो. "अण्णा, थ्री-टनर ट्रक येतोय. वर या!"

"ड्रायव्हर कोण?"

"मुनियप्पा."

"त्येला उतरू देत्यात काय?"

"ऑर्डर आहे."

"मग मी हितंच बरा. वर माणूस हाय तर खाली बी माणूस पायजे." त्यानं बाकीच्यांना लांब काढलं आणि एकटा राहिला.

ट्रकची पुढची चाकं मधल्या पॅनेलजवळ पोचली. खालून अण्णाची हाक आली, "मागं घे! मुनियप्पा, मागं!" मुनियप्पानं गाडी मागे घेतली. मागची चाकं काठावर चढली आणि पूल मधोमध मोडून खाली गेला.

मुनियप्पा वाचला. अण्णावरचं पॅनेल आम्ही सहा जणांनी उचललं. तोवर काही उरलं नव्हतं. मंडपातला लाउडस्पीकर कुणी बंद केला नव्हता, त्यावर देशभक्तीचं गाणं चालू होतं. पाहुणे मोटारीत बसून गेले.

अस्थी घेऊन मला अथणीकडे धाडलं. अण्णाचे वडील अंगणात बसले होते. त्यांनी कळशी मांडीवर घेतली.

"लडाईत गेला?"

"नाही, आप्पा. बंगळुरात. पूल पडला."

त्यांनी कळशीवरून हात फिरवला. "पुलावर पाटी असतीया म्हणून सांगायचा. नव्हती काय?"

"होती. काढली."

"कुणी?"

चिन्यांचं नाव घेता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. माझ्या अंगावर वर्दी होती. "आपल्याच माणसांनी, आप्पा," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मला ताक दिलं. मी ते पिऊ शकलो नाही, तिथंच रडलो.

परत आल्यावर सकाळचा तो प्रश्न मी विचारायचा सोडला. पंधरा ऑगस्टला गल्लीतली मंडळी अजून मला झेंड्यापाशी बोलावतात, देश जगात भारी आहे असं दोन शब्द बोला म्हणतात. मी म्हणतो, देश माझा आहे, दुसरा मला नको; पण त्याची पाटी कुणी काढून ठेवली तर मला खपणार नाही. टाळ्या जेमतेम पडतात. मग मी सांगतो की हवालदार बसवंत पाटील नावाचा एक माणूस पुलाखाली उभा होता.