थुमामातले मंत्रीजी

मंत्रीजी कुणालाही नाव विचारायच्या आधी शब्द विचारायचे. अल थुमामाच्या आमच्या कंपाउंडमध्ये राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी गेटवर मला अडवलं. सहा फुटांच्या वर उंची, पाठीत किंचित बाक, दोह्याच्या उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. इंग्रजीत म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर बालाजी सांगतो, भाकरीबरोबर जे खातात त्याला कोरड्यास म्हणतात. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "आमटी किंवा भाजी."

"हे तुम्ही शाळेत शिकलात. आईच्या घरी काय म्हणता?"

ऑफिसला उशीर होत होता. मी हसून वेळ मारून नेली. पण हा म्हातारा आपल्याला सोडणार नाही, हे तेव्हाच लक्षात आलं.

ते क्रोएशियाचे. एका लहानशा खडकाळ बेटावर कोळ्याच्या घरी जन्मले, राजधानीत जाऊन भाषाशास्त्र शिकले, व्याकरणाची पुस्तकं लिहिली, कविता लिहिल्या. देश नवा झाला तेव्हा राजकारणात ओढले गेले. शिक्षणमंत्री झाले, पुढे दोन देशांत राजदूत. बायको गेल्यावर दोह्यात डोळ्यांची डॉक्टर असलेल्या मुलीनं त्यांना इकडे आणलं. हे सगळं आम्हाला त्या मुलीकडून कळलं. त्यांचं खरं नाव आमच्या जिभेवर नीट बसेना. शाळेच्या मुलांना नेणाऱ्या बालाजीनं त्यांना 'मंत्रीजी' म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळं कंपाउंड तेच म्हणू लागलं. त्यांनाही ते आवडलं. म्हणायचे, "सरकारनं दिलेलं पद सरकारनं परत घेतलं. बालाजीनं दिलेलं कोण घेणार?"

त्यांना राग आलेला मी एकदाच पाहिला. सकाळी चालताना मी गावी आईशी फोनवर बोलत होतो. माझं गाव मालवणजवळ. आईशी मी मालवणीतच बोलतो. फोन ठेवला तर मंत्रीजी बाजूला उभे.

"ही कुठली भाषा? बायकोशी तुम्ही ही बोलत नाही."

"ही भाषा नाही हो. गावाकडचं बोलणं. आमच्या घरात आता कुणी बोलत नाही."

ते थांबले. हातातली काठी त्यांनी फरशीवर आपटली. "भाषा नाही? मग इतका वेळ तुम्ही आईला काय देत होता? दगड?"

मला वाईट वाटलं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना माझ्या बोलण्याला मुलं हसायची, म्हणून मी ते सोडलं होतं. लग्न पुण्याच्या मुलीशी झालं, नोकरी कतारमध्ये लागली. मालवणी उरली ती आईच्या फोनपुरती. यात कुणाला चिडण्यासारखं काय आहे, ते मला कळेना. मग त्यांनी मला बाकावर बसवलं आणि त्यांची गोष्ट सांगितली.

शिक्षणमंत्री असताना त्यांनी पहिलीचं नवं पुस्तक करून घेतलं होतं. शुद्ध, प्रमाण, सगळ्या देशाला एक. त्याची पहिली प्रत घेऊन ते बेटावर आईकडे गेले. आईला सावकाश वाचता यायचं. पहिला धडा कोळ्याचा होता. कोळी होडी घेऊन निघतो आणि किनाऱ्यावरून बायको त्याला हाक मारते. आईनं धडा पूर्ण वाचला आणि म्हणाली, "पुस्तक देखणं झालंय. पण असल्या शब्दांत हाक मारली तर आपल्याकडचा कोणी मागं वळून बघायचा नाही."

"त्यानंतर मला ते पुस्तक हातात धरवेना," मंत्रीजी म्हणाले. पहिली दोन वर्षं मुलांना घरच्या बोलीत शिकवावं, असा प्रस्ताव त्यांनी आणला. देश नुकता स्वतंत्र झालाय, तुम्ही त्याचे तुकडे करताय, असं त्यांच्याच पक्षातले लोक म्हणाले. तेव्हा ते सभागृहात उठून बेटाच्या बोलीत बोलले. टिपणं घेणाऱ्या बाईंना काही कळेना, त्यांचा हात थांबला. मंत्रीजींनी अध्यक्षांना विनंती केली, "निदान एवढं तरी लिहून घ्या, की मंत्री काहीतरी बोलला." प्रस्ताव पडला. ते राजीनामा देऊन बाहेर आले. पुढच्या सगळ्या कविता त्यांनी बोलीतच लिहिल्या.

"वाचतं कोण?" मी विचारलं.

"बेटावरचे वाचतात. म्हणजे चुका काढतात," ते अभिमानानं म्हणाले.

त्या हिवाळ्यात माझी आई पहिल्यांदाच दोह्याला आली. चांगली तीन महिने राहणार होती. पहिले काही दिवस हौसेत गेले. समुद्राकाठची कॉर्निश झाली, मॉल झाले, सूकचा जुना बाजार झाला. मग घरात एक विचित्र शांतता आली. बायको आईशी प्रेमानं पण जपून बोलायची, अर्धं कळलं नाही तर नुसती हसायची. आमच्या तेरा वर्षांच्या मुलीला, रेवाला, आजीचं बोलणं बरंचसं समजायचं, पण ती उत्तर इंग्रजीत द्यायची. आजी ते ऐकून माझ्याकडे बघायची, आणि मी तर दिवसभर साइटवर. हळूहळू आईनं रेवाला हाक मारणंच बंद केलं. एका शुक्रवारी चहा पिताना शांतपणे म्हणाली, "माका परत धाड रे. हय माझ्याशी बोलूक कोण नाय."

मी तिकीट बदलायचं कबूल केलं. दुसरं काय करणार? खाली उतरलो तर मंत्रीजी भेटले. त्यांनी चेहरा बघून विचारलं आणि मी सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, सल्ला दिला नाही. बालाजीला हाक मारून फक्त म्हणाले, "यल्ला, चल, मासळीबाजार."

तासाभरानं ते आमच्या दारात हजर. दोन्ही हातांत पिशव्या. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर मासे मांडले. आईनं पदर सावरला आणि मला विचारलं, "ह्यो माडासारखो उंच माणूस कोण रे?"

मी ओळख करून देणार तेवढ्यात त्यांनी मला हातानं थांबवलं आणि रेवाला बोलावलं. दूतावासात बोलावं तसं गंभीरपणे तिला म्हणाले, "मला तुझ्या आजीची भाषा येत नाही. तिला माझी येत नाही. आजपासून तू आमची दुभाषी. राजदूत चुकला तर खपतं, दुभाष्यानं चुकून चालत नाही. समजलं?"

रेवा खाली मान घालून हसली, पण जागची हलली नाही.

त्यांनी पहिल्या माशावर बोट ठेवलं. आई म्हणाली, "ही इसवण." रेवानं तो शब्द तसाच म्हणून दाखवला आणि आपण याला सुरमई म्हणतो, असं इंग्रजीत जोडलं. मग बांगडो झाला, कोळंबी झाली. आईचा आवाज चढू लागला. इकडचा हमूर मासा मात्र तिला पसंत नव्हता. "तेका काय चव असता?" असं म्हणून तिनं तो बाजूला सारला. रेवानं हेही भाषांतर केलं. मंत्रीजी मोठ्यानं हसले.

मग आई उठली आणि गावाहून आणलेला डबा उघडला. सगळ्या घरात वास पसरला. "आणि ह्यो सुको बांगडो," ती म्हणाली.

मंत्रीजी रेवाकडे वळले. "पुन्हा म्हणायला सांग."

"सुको," रेवा म्हणाली. "म्हणजे वाळलेला, कोरडा."

त्यांनी ओट्यावर हात टेकला. "सुहो! आमच्याकडे कोरड्याला सुहो म्हणतात. माझी आई मासे वाळत घालायची तेव्हा म्हणायची, सुहो झाले का बघ." शुष्क आणि सुहो एकाच मुळातले, हे त्यांनी विद्यार्थ्यांना कितीदा शिकवलं असेल. पण आज शब्दाला वास होता.

आईनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "सुहो न्हय ओ. सुको. चेडवा, नीट सांग तेंका."

आणि रेवानं त्यांना नीट सांगितलं. तीन वेळा म्हणून घेतलं. मुलगी आपल्या आजीच्या बाजूनं, मालवणीत, एका माजी शिक्षणमंत्र्याचा उच्चार सुधारत होती. मी दाराशी उभा होतो. तिकिटाचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर मंत्रीजी रोज संध्याकाळी चहाला येऊ लागले. वाटाघाटी चालायच्या मासे, भरती-सुकती, लग्नं, भुतं आणि मेलेल्या माणसांबद्दल. रेवाला शब्द अडायचा तेव्हा तिला आजीलाच विचारावं लागायचं. आणि विचारायचं तर मालवणीत, कारण आजी इंग्रजीला दाद देत नव्हती. बायकोही ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. एकदा तीच माझ्यावर मालवणीत ओरडली, तेव्हा आईनं टाळी वाजवली.

आई गावी परत गेली आणि पुढच्या उन्हाळ्याआधी मंत्रीजीही बेटावर परतले. त्यांची मुलगी राहा म्हणत होती. ते म्हणाले, "इथं सगळे माझं ऐकतात, पण माझ्या चुका कोण काढणार?" विमानतळावर बालाजीनं त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी त्याला उठवून मिठी मारली आणि त्याच्याच उदगीरकडच्या मराठीत विचारलं, "लेकरं बरी हाईत का?"

काही काळानं ते वारल्याची बातमी त्यांच्या मुलीनं दिली. झोपेतच गेले. बेटावरच्या शाळेत आता लहान मुलांना काही तास बोलीतून शिकवतात, आणि त्या मुलांनी अंत्ययात्रेत त्यांचीच एक कविता म्हटली, असं ती म्हणाली. सांगताना तिचा आवाज फुटला नाही. बापासारखीच ताठ.

दोह्याच्या अल नस्र भागात आमच्या मराठी मंडळींनी शुक्रवारी त्यांच्यासाठी एक छोटी सभा ठेवली. मला बोलायला सांगितलं. पुण्या-मुंबईची तरुण मुलं, आयटीतली, बँकेतली, समोर बसली होती. बालाजी गाडी लावून मागं उभा होता. रेवानं आजीला व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला होता. मी शुद्ध मराठीत चार वाक्यं तयार करून गेलो होतो. त्यातलं पहिलं म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो.

"आमचो मंत्री गेलो," मी म्हणालो. "मोठो माणूस होतो. तेका आमच्या सगळ्यांच्या घरातले शब्द व्हये होते."

पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. माझा आवाज खाली गेला. तेवढ्यात रेवाच्या हातातल्या फोनमधून आई ओरडली, "मोठ्यान बोल रे! ऐकाक येना नाय!"

मी मोठ्यानं बोललो.