गळ्यातलं काढा

दुष्काळामुळे ऊस थोडाच होता, म्हणून आमच्या सहकारी साखर कारखान्याचा हंगाम लवकर आटोपणार होता. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथे फाटकावर कामाला लागलो. ज्याच्या गळ्यात काही लोंबतंय, त्याला मशीनजवळ सोडायचं नाही, असं मला बजावलं होतं.

पहिल्याच सकाळी एका वयस्कर कामगाराच्या गळ्यात चांदीची डबी दिसली. मी म्हणालो, "तावीज काढा, नाहीतर घरी जा." ते काढेनात. त्यांची जागा घ्यायला बाहेर माणसं उभीच होती.

मागून एक म्हातारा फिटर आला. डोक्यावर जाळीची टोपी, हात ग्रीसने काळे. "सायब, तावीज माझ्या गळ्यात हाय," म्हणत त्याने तो काढून जेवणाच्या डब्यात ठेवला. "ते लिंगायत, त्या डबीत त्यांचं इष्टलिंग हाय. ते मरेपर्यंत अंगावरून उतरवत न्हाईत." मग त्यांच्याकडे वळून विचारलं, "आप्पा, दंडाला बांधलं तर चालतंय का तुमच्यात?"

आप्पांनी होकारार्थी मान हलवली. फिटरने हात धुऊन स्वच्छ फडकं दिलं, पण लिंगाला बोट लावलं नाही. आप्पांनीच ते शर्टाच्या बाहीखाली घट्ट बांधलं.

जाताना फिटर मला म्हणाला, "मशीनचं समदं इचारून घेता, माणसाचं बी इचारा की."

घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि मला एवढंही ठाऊक नव्हतं. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

दुसऱ्या सकाळी पहिल्या माणसाला मी म्हणालो, "काका, गळ्यात काय आहे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबलो.