माय पुन्हा बाहेर बसली

पाळी कायमची थांबली तेव्हा माय खूश झाली होती. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ आमच्या घरात देवाचा दिवा आणि लोणच्याची बरणी अशाच बाईच्या ताब्यात असे. तो मान मिळाल्यावर ती मला नि वहिनीला बरणीजवळ फिरकू देत नसे.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात, पाच-सहा वर्षांच्या खंडानंतर, तिच्या अंगावर पुन्हा जायला लागलं. दुसरी एखादी गप्प बसली असती. घरात पाळी थांबलेली दुसरी कुणी नव्हती, म्हणून मायनं बरणी वहिनीकडे सोपवली आणि मेंढरांच्या वाड्यालगतच्या पडवीत जाऊन बसली. चाराचे आठ दिवस झाले, पुढं दहा. छाती ठणकते म्हणाली.

वहिनी सासूला मामी म्हणायची. ती हसली. "मामी, तुमी तर पुन्हा जवान होऊन राहिल्या."

मीही हसले. माय लाजली, आणि मला वाटतं, तिला ते थोडं आवडलंही.

असं दीड वर्ष चाललं. डॉक्टरला दाखवावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. विटाळ पाळायचा असतो, एवढंच आम्हाला ठाऊक. तिचं ताट लांबून सरकवणारी मीच होते, शिकलेली म्हणून मिरवणारी. आजही स्वतःचा राग येतो.

पोट फुगलं तेव्हा जीपनं हिंगोलीला आणि तिथून नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. अंडाशयात गाठ होती, आणि पाळी आणणारं संप्रेरक ती गाठच तयार करत होती. म्हणून थांबलेलं रक्त परत सुरू झालं, म्हणूनच छाती दुखत होती.

"थांबल्यावर पहिल्यांदा रक्त दिसलं, तेव्हाच आणायचं होतं," त्या म्हणाल्या. "आता पोटात पसरलंय."

ऑपरेशन झालं. तिला घरी आणलं ते शेवटचंच, हे तिलाही कळलं होतं. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं.

"म्हंजे तो इटाळ नव्हताच?"

"न्हाई माय."

"मंग मला काहून बाहेर बसवलं?"

मला रडू कोसळलं. मी उठले, फडताळातून लोणच्याची बरणी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिनं बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, दादरा, सोडायला हात लावला. गाठ सुटेल एवढीही ताकद तिच्या बोटांत उरली नव्हती.