पोच घेतल्याशिवाय

"मॅडम, साळवे सर गेले म्हणतेत... खरंय का?" पिशोरजवळच्या खेड्यातून वैशालीचा, आमच्या जुन्या विद्यार्थिनीचा, फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. मी हो म्हणाले. तिकडून फोन बंद झाला. त्याला आता दीड महिना झाला. शोकसभेत लोक भरभरून बोलले, तरुणांचे आधारस्तंभ वगैरे. खरं सांगते, मला राग आला. शेवटची दोन वर्षं त्यांच्या कॉलेजातल्या खोलीकडे एकही तरुण फिरकत नव्हता.

शहरातल्या एकाच महाविद्यालयात ते राज्यशास्त्र शिकवायचे, मी मराठी. युवक मेळावे आम्ही पुरते पाहिले होते... खुर्च्या भरायला पोरं न्यायची, टाळ्या, नाश्त्याचा पुडा, प्रमाणपत्र, संपलं. त्याला फाटा देऊन साळव्यांनी आपल्या खोलीत शनिवारची बैठक सुरू केली. बिडकीन, पैठण, कन्नडकडची पोरं यायची. शिस्त एकच, गाऱ्हाणं तोंडी सांगायचं नाही, अर्ज लिहायचा, दोन प्रतींत. "एक त्यांची, एक आपली. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. पोच घेतल्याबिगर पायरी उतरायची नाय!" वस्तीत नळ आणताना त्यांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं होतं.

मग सरकारच्या युवा धोरणासाठी तरुणांच्या सूचना मागवल्या गेल्या. पोरं हरखली, महिनाभर लिहीत होती. वैशालीनं लिहिलं, ग्रामसभा भरते तेव्हा आम्ही कॉलेजात असतो, ती सुट्टीच्या दिवशी घ्या, आम्हालाही बोलायचंय. गठ्ठा घेऊन साळवे स्वतः जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, गठ्ठ्यासकट फोटो काढला. एवढ्या भल्या माणसाकडं शिक्का कसा मागायचा, म्हणून हे तसेच परतले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. काही महिन्यांनी साहेबांची बदली झाली, आणि असे कागद आल्याची कुठंच नोंद नव्हती.

"सर, आमच्या कागदाची पोच?" शनिवारी वैशालीनं विचारलं. थाप मारता आली असती. ते म्हणाले, "नाय घेतली. चहा घेतला." कुणी हसलं नाही. पुढच्या शनिवारी चौघं आली, नंतर कुणीच नाही. तरी ते दर शनिवारी खोली उघडून बसायचे. मी सोबत बसायची, कधी कंटाळून निघूनही यायची. "बोलवा ना त्यांना परत," एकदा वैतागून म्हटलं. "कोणत्या तोंडानं, मॅडम?" एवढंच... दोघंही थकलो होतो. ते जास्त.

गेल्या शनिवारी मी त्यांचं कपाट रिकामं करायला गेले. एका फायलीत पोरांच्या त्या सूचनांच्या सगळ्या दुसऱ्या प्रती क्रमानं लावलेल्या, प्रत्येकीचा खालचा कोपरा कोरा. तेवढ्यात दारात वैशाली उभी. तोच ग्रामसभेचा अर्ज तिनं पुन्हा लिहिला होता, या वेळी थेट स्वतःच्या ग्रामपंचायतीला, आणि तिचं स्वतःचं कॉलेज संपल्यामुळं 'आम्ही'च्या जागी 'माझी बहीण' केलं होतं. खालच्या कोपऱ्यात शिक्का, सही, तारीख.

"दोन तास बसवलं, मॅडम. चहा पाजत व्हते. म्हणलं, आधी पोच." मग तिला रडू फुटलं. "सरांला दाखवायला लई उशीर केला मी..."

कागद तिनं फायलीत सगळ्यात वर लावला. मलाही रडू आवरलं नाही. ग्रामसभेचा दिवस अजून बदललेला नाही, बदलेल याची खात्रीही नाही. फायल मी कपाटात परत ठेवली, दार सताड उघडं ठेवलं आणि आम्ही दोघी त्यांच्या खोलीत तशाच बसून राहिलो. शनिवार होता.