पॅरिसहून व्हिएन्नाला मुराळी

लग्नानंतरची पहिली पंचमी मुलीनं माहेरी करायची आणि तिला आणायला भावानं मुराळी होऊन सासरी जायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आमची लेक लग्न होऊन व्हिएन्नाला गेली, तिला सख्खा भाऊ नाही, आणि श्रावण तर लागला. फोनवर म्हणाली, "काही नाही बाबा, सर्दी झालीय." बापाला सर्दी आणि रडणं यांतला फरक कळतो, एवढं तरी मला येतं.

तिला सुट्टी फक्त शनिवार-रविवारची. तेवढ्यात नांदेड गाठणं अशक्य. पण लातूरच्या माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा नोकरीला पॅरिसमध्ये. मी मोबाइलवर शोधलं. व्हिएन्ना ते पॅरिस हजारेक किलोमीटर, विमानानं दोन तास. नांदेडहून लातूरला एसटीनं साडेतीन तास लागतात, अहमदपूरचा चहा वेगळा. म्हणजे पॅरिस जवळच की. मी ताईला फोन लावला.

"त्यानं सकाळी जायचं, हिला घेऊन संध्याकाळी पॅरिसला परत. आत्याच्या लेकाचं घर म्हणजे माहेरच."

"तू कधी विमानात बसलास का रे?" ताई म्हणाली.

"बसलो नाही, पण हिशोब तर येतो."

"हाव, लई येतो. मागच्या खेपेला तासाभरात पोहोचतो म्हणालास अन् जेवणं झाल्यावर उगवलास." तरी तिनं पोराला तयार केलं.

शनिवारी भाचा सकाळी सातला घरून निघाला. मी नऊ वाजताच्या हिशोबानं पोहोचल्याच्या फोनची वाट बघत बसलो. त्याचा फोन आला तेव्हा तिकडे दुपारचे दोन वाजले होते.

"मामा, विमान दोन तासच उडतं, खरंय. पण विमानतळ गावाबाहेर, दोन तास आधी जायचं, मग तपासणी, त्यात विमानाला उशीर, उतरल्यावर परत रेल्वे. आता हिला घेऊन निघालो तर रात्री पोहोचणार अन् उद्या दुपारी हिला परत निघावं लागणार. हे माहेर व्हायचं विमानतळावरच."

बायको शेजारीच होती. "विचारा अजून मोबाइलला," म्हणाली आणि माझ्या हातातून फोन घेतला. भाच्याला म्हणाली, "तू तिथंच राहा. पण तिला कशाला हात लावू द्यायचा नाही. माहेरी आलेली पोर काम करत नसते."

मग जावयांनी पुरण शिजवलं आणि भाच्यानं दिंडं केली. व्हिडिओ कॉलवर इकडून बायको आणि लातूरहून ताई, दोघी एकदमच सूचना देत होत्या. पुरण पातळ झालं, दोन दिंडं फुटली. लेक दोनदा उठायला गेली, दोन्ही वेळा चौघांनी मिळून तिला खाली बसवलं. मला सूचना द्यायची परवानगी नव्हती.

जेवून ती सोफ्यावर लवंडली. मी तिला विचारत होतो की, "बाळा, पुढच्या पंचमीला..." तर ती झोपली होती. तोंड उघडं, एक पाय खाली लोंबलेला. सासरी गेल्यापासून भरदिवसा अशी झोपलीच नाही, असं जावई हळू आवाजात म्हणाले.

"बोलू नका आता," बायकोनं मला दटावलं. आम्ही फोन न ठेवता तसेच बसून राहिलो, चांगला तासभर.