एका घरात दोन गोलकीपर

तो महिना असा होता की गावात कुणीही उठावं आणि मला सल्ला द्यावा. चहाच्या टपरीवर सल्ला, दुकानाच्या पायरीवर सल्ला. दाढी करायला खुर्चीत बसलो, तर गळ्यावर वस्तरा ठेवून कारागीर विचारतो, "मंग, ह्या खेपेला गोलमधी कोन? दादा का पोरगं?" गळ्यावर वस्तरा असताना माणूस काय बोलणार? मी म्हणालो, "बघू." त्या महिन्यात मी "बघू" हा एवढाच शब्द बोललो असेन.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. पोरगं म्हणजे माझा मुलगा. आमच्या क्लबात गोलकीपर दोनच आणि दोघंही आमच्याच घरातले, एकाच चुलीवरची भाकरी खाणारे. क्लबाचा कोच मी. ज्याला धड खेळता येत नाही त्याला आमच्याकडं कोच करतात, तसा मी झालो होतो. मैदानावर अकरा जणांची निवड करणं सोपं असतं, कारण खेळ संपला की जो तो आपल्या घरी जातो. माझं तसं नव्हतं. ज्याला बेंचवर बसवणार, त्याच्याच शेजारी मला रात्री ताट घेऊन बसायचं होतं.

आम्ही तुळजापूरचे. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ओटीच्या सामानाचं दुकान आहे. खण, नारळ, हळदीकुंकू, कवड्यांच्या माळा. वडील गेले तेव्हा दादा सोलापूरला कॉलेजात होते. ते कॉलेज अर्धवट टाकून आले. डिग्री तिकडंच राहिली, येताना फुटबॉल तेवढा घेऊन आले. गल्लीतली पोरं गोळा करून क्लब त्यांनीच काढला आणि पहिल्या दिवसापासून गोलमध्ये तेच उभे राहिले. दुकान त्यांनी चालवलं, माझं शिक्षण त्यांनी केलं, माझं लग्न त्यांनीच लावून दिलं. अशा माणसाला "आता तुम्ही बसा" म्हणायला जीभ कुठून आणायची?

माझ्या मुलालाही गोलकीपर त्यांनीच केलं. दुकानात नारळाचा टेम्पो आला की दादा टेम्पोत चढून नारळ फेकायचे आणि पोरगं खाली उभं राहून झेलायचं. लहान होतं तेव्हापासून. "छातीशी घे. हात कडक ठिवू नगस. फुटला तर गिऱ्हाईक गेलं आन चटनी आली," असं ओरडायचे. सुरुवातीला आमच्या घरी ओल्या खोबऱ्याची चटणी फार व्हायची. पुढं पुढं ती बंद झाली, तेव्हा पोरगं तयार झालं हे आम्हाला कळलं.

नंतर एक दिवस मी पाहिलं की टेम्पोवर पोरगं चढलंय आणि दादा खाली उभे आहेत. पोरगं नारळ फेकत नव्हतं. वाकून दादांच्या हातात देत होतं. मी गल्ल्यावर बसून सुट्टे पैसे मोजत राहिलो, पण ते मला दिसलं. दादा पंचेचाळिशीला आले होते. डावा गुडघा तर आधीच गेला होता. डावीकडं बॉल आला की ते झेप घेत नसत, नुसतं बघत. आणि पोरगं अठराचं, मांजरासारखं.

अशात जिल्ह्याची स्पर्धा आली. सामने धाराशिवला. मी रात्रंदिवस विचार केला आणि मला एक युक्ती सुचली. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो, आता आठवलं की हसू येतं. आमच्या गावात सगळं पाळीनं चालतं. देवळात पुजाऱ्यांच्या पाळ्या, नळाला पाण्याची पाळी, आमच्या दुकानातसुद्धा गल्ल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी दादांची पाळी आणि इतर दिवशी माझी. पाळी म्हटलं की कुणाचा कुणावर रुसवा नाही. मी सगळ्यांना मैदानावर गोल बसवलं आणि सांगितलं, "पाळी लावू. एक सामना दादा, एक सामना पोरगं." सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा म्हणाले, "झ्याक." पोरगं म्हणालं, "चालतंय." फुटबॉल असा खेळत नाहीत, हे तिथं एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

पहिला सामना दादांचा. जिंकलो, पण जे दोन गोल बसले ते दोन्ही डावीकडून. दोन्ही वेळेला दादांनी खांबाला हात टेकून बॉल जाळीतून काढला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढं मारला.

पुढचा सेमीफायनलचा, तो पोराचा. त्या दिवशी नळदुर्गजवळ रस्त्यावर एक ट्रक आडवा झाला आणि समोरचा संघ तिकडंच अडकला. रेफरीनं वाट पाहिली, घड्याळ पाहिलं, शिट्टी वाजवली. आमच्या पोरांनी रिकाम्या मैदानात बॉल नेला आणि रिकाम्या गोलात टाकला. आम्ही जिंकलो. पलीकडच्या टोकाला माझं पोरगं पिवळी जर्सी घालून, दोन्ही हात पसरून, तयारीत उभं होतं. त्याच्याकडं बॉल तर नाहीच, कुत्रंसुद्धा आलं नाही.

येताना एसटीत वाद पेटला. ही पाळी धरायची की नाही? एक जण म्हणाला, बॉलच आला न्हाय तर पाळी कसली. दुसरा म्हणाला, उभा राहिला न्हवं, मंग झाली पाळी. ज्या पुजाऱ्याच्या पाळीला भाविक आले न्हाईत त्यानं दुसऱ्याची पाळी मागायची असती व्हय? ह्यावर वाद मिटला, कारण आमच्या गावात ह्याच्यापुढं बोलायला काही उरत नाही. पोरगं खिडकीतून बाहेर बघत म्हणालं, "झाली की माझी पाळी." आवाजात काहीच नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणजे फायनल दादांची. आणि फायनलला दादा नकोत, हे क्लबातल्या प्रत्येकाला कळत होतं. दादांनाही कळत होतं. पाळीचा नियम मी दुसऱ्यांना बांधायला केला होता आणि त्यात गळा माझाच अडकला.

घरात फुटबॉलचं नाव निघेना. वहिनी भाकरी थापायच्या आणि कुणाकडं न बघता ताटात टाकायच्या. बायको रात्री म्हणाली, "काय ते तुम्ही ठरवा. पन भाऊजींचं मन मोडू नका."

"मग पोराला बसवू?"

"मी कुठं असं म्हनले? पोराचंबी मोडू नका."

"मग करू काय?"

"ते तुम्ही बघा. कोच तुम्ही हाव." असं म्हणून ती कूस बदलून झोपलीसुद्धा. मला तिच्या झोपेचा हेवा वाटला.

मी गच्चीवर पोराला गाठलं. तो ग्लोव्हज धुऊन दोरीवर घालत होता. म्हटलं, तुला काय वाटतं, खरं सांग. तो म्हणाला, "पप्पा, मला नका इचारू. मी खेळतो म्हनलं तर आप्पाला मी काढलं म्हनतील. न्हाय म्हनलं तर तुम्हीच म्हनाल, पोरात दम न्हाय." आप्पा म्हणजे दादा. पोराचं बोलणं इतकं बरोबर होतं की मला त्याचा राग आला.

राहिले दादा. त्यांनी आपण होऊन पाळी सोडली असती तर मी सुटलो असतो. आमच्याकडं पाळी दुसऱ्याला देता येते, त्यात कमीपणा नाही. मी दुकानात त्यांच्याभोवती घुटमळलो. गुडघ्याची चौकशी केली. आता थंडी वाढलीय म्हणालो. पोराचं कौतुक केलं. दादा कवड्यांच्या माळा खिळ्याला अडकवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू कोच हायस. तू म्हनशील तसं."

"तसं नाही दादा, तुमच्या मनात काय..."

"माझ्या मनात कायबी न्हाय. तू म्हनशील तसं."

एवढं बोलून त्यांनी बोलण्याचं दारच बंद केलं. मी बाहेर उभा की आत अडकलेला, हेच मला कळेना.

फायनलच्या दिवशी सकाळी एसटीत दादा खिडकीशी बसले होते. पँटच्या आत त्यांनी गुडघ्याला पट्टी बांधली होती. कुणाला कळणार नाही असं त्यांना वाटत होतं, पण अख्ख्या गाडीत मलमाचा वास सुटला होता. पोरगं त्यांच्या शेजारी बसून शेंगा सोलून त्यांना देत होतं. मी मागच्या सीटवर, मांडीवर जर्सीची पिशवी. गोलकीपरची पिवळी जर्सी आमच्याकडं एकच. वहिनी आणि बायको आलटून पालटून ती धुवायच्या.

मैदानावर सगळे गोल बसले. गोलकीपरची जर्सी सगळ्यात आधी द्यायची, ही आमची पहिल्यापासूनची रीत. मी पिशवीत हात घातला. अजूनही वाटत होतं, दादा काहीतरी बोलतील. ते बुटाची नाडी बांधत होते, खाली बघून. एकच नाडी पुन्हा पुन्हा सोडत होते, बांधत होते. मी म्हणालो, "दादा, पाळी तुमची," आणि जर्सी पुढं केली. त्यांनी मान वर केली, जर्सी घेतली, माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. पोरानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

आणि दादा खेळले. खोटं कशाला सांगू, असे खेळले की मी बेंचवर ओठ चावत बसलो. झेप घेता येत नव्हती म्हणून ते आधीच जागा धरायचे. बॅकवाल्या पोरांना ओरडून ओरडून पुढं-मागं करत होते. सगळा खेळ संपला तरी गोल नाही. दोन्हीकडं शून्य. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात रेफरी आला आणि म्हणाला, "टायब्रेकर. कीपर बदलायचाय का? लवकर सांगा."

टायब्रेकरला, म्हणजे एकेकानं येऊन थेट गोलवर मारताना, आधी जागा धरून चालत नाही. तिथं झेपच घ्यावी लागते. समोरच्या पोरांनी दादांचा डावा गुडघा केव्हाच ओळखला होता. ते आपापसांत तिकडंच बोट दाखवत होते. मी मागं पाहिलं, सगळी टीम माझ्याकडं बघत होती. फक्त पोरगं जमिनीकडं बघत होतं. दादा खांबाला टेकून पाणी पीत होते. ह्या वेळी ते "तू म्हनशील तसं" म्हणाले नाहीत. नुसते थांबले.

"दादा, तुम्ही बसा."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पलीकडच्या बेंचवरसुद्धा ऐकू गेला असावा. दादांनी बाटलीचं झाकण लावलं, ती नीट खाली ठेवली आणि जर्सी काढायला लागले. ती घामानं अंगाला चिकटली होती. डोक्यातून निघेना. दोन्ही हात वर, तोंड जर्सीत अडकलेलं, असे ते भर मैदानात उभे राहिले. शेवटी पोरगं धावत गेलं आणि त्यानं जर्सी ओढून काढली. दादा बनियनवर उभे. पोटावरचे पांढरे केस सगळ्यांना दिसले. पोरानं ती ओली जर्सी तशीच घातली. दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "नारळ हाय समज," एवढं म्हणाले आणि चालत येऊन बेंचवर बसले. माझ्या शेजारी नाही, दुसऱ्या टोकाला.

पोरानं एक अडवला. झकास अडवला, डावीकडंच. पण आमच्या दोघांनी बारवरून मारले आणि आम्ही हरलो. दादा असते तर काय झालं असतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. गावात मात्र सगळे सांगतात, अजूनही, आणि निम्मे एक सांगतात तर निम्मे दुसरं.

त्यानंतर दादा माझ्याशी बोलत होते. खणाचा गठ्ठा आला का, कुंकू संपत आलंय, रविवारी लवकर उघड. सगळं व्यवस्थित, एक शब्द वाकडा नाही. भाऊ एवढं व्यवस्थित कधी बोलत नसतात. पोराशी मात्र पहिल्यासारखं हसून बोलायचे. एकाच दुकानात, एकाच गादीवर मांडीला मांडी लावून आम्ही बसायचो आणि मला उठून जावंसं वाटायचं. पण दुकान सोडून जाणार कुठं?

एका मंगळवारी गर्दी ओसरल्यावर मी विचारलं. दुकानात दोघंच होतो.

"दादा, मी तुम्हाला भर मैदानात बाहेर काढलं. तुम्हाला लई लागलं, न्हाय?"

ते एका माळेतल्या कवड्या सरळ करत होते. हात थांबले नाहीत.

"बाहेर काढलंस त्याचं कायबी न्हाय," ते म्हणाले. "तिथं पोरगंच पायजे हुतं. मीबी तेच केलं असतं."

"मग?"

"सकाळी जर्सी दिलीस कशाला?"

मी म्हणालो, "पाळी होती तुमची."

"पाळी म्हनं!" दादांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. डोळे ओले होते आणि रागही होता. "मी नाडी बांधत बसलो हुतो. म्हनलं आता सांगंल, आता सांगंल. घरातल्या घरात सांगितलं असतंस, तर मीच जर्सी घालून दिली असती त्याला. सगळ्यांसमोर, माझ्या हातानं."

त्यांनी माळ खिळ्याला अडकवली.

"एक दिवस पोरालाबी सांगावं लागंल," ते म्हणाले. "तवा सकाळीच सांग."

तेवढ्यात दोन बायका पायरीवर आल्या आणि ओटीचं विचारू लागल्या. दादा उठले, डाव्या गुडघ्यावर हात टेकून, आणि त्यांना हिरवा खण काढून दाखवू लागले.