काचेच्या पेटीतली गौर

आमचे हे मनानं वाईट नाहीत, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. हल्ली सांगत नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, डॉक्टर म्हणून फार चांगले होते.

अमेरिकेत येण्याआधी आम्ही कॅनडात होतो. पार उत्तरेला, जिथं झाड म्हणून उगवत नाही अशा एका वस्तीतल्या दवाखान्यात यांची नेमणूक होती. तिथली माणसं दगड कोरायची, कागदावर चित्रं छापायची. पेशंट कधी घुबडाचं चित्र आणून द्यायचे, कधी दगडाचं अस्वल. हे थँक्यू म्हणायचे आणि खोक्यात टाकायचे. मी मात्र एकच वस्तू स्वतः जाऊन आणली. आमच्या शेजारची बाई घराबाहेर थंडीत बसून दगड घासायची, भुवयांपर्यंत पांढरी धूळ. तिनं हिरवट काळ्या दगडाची एक लेकुरवाळी घडवली होती, अंगरख्याच्या टोपीत पाठीशी मूल. मी बघत उभी राहिले, तर तिनं माझा हात धरला आणि दगडावरून फिरवला. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. पण ही वस्तू हातानं बघायची, एवढं कळलं. माझ्या दोन लोकरीच्या शाली तिला दिल्या आणि लेकुरवाळी घरी आणली.

सासरी आमच्या खड्याच्या गौरी. मुखवटे नाहीत, साड्या नेसवलेल्या उभ्या गौरी नाहीत. नदीवरून खडे आणायचे, गौर म्हणून पाटावर बसवायचे, हळदकुंकू वाहायचं आणि मग परत पाण्यात सोडायचे. आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला आलो त्या वर्षी भाद्रपद आला तेव्हा यांची ड्यूटी, मला गाडी येत नव्हती, आणि नदी कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नव्हतं. रडून काय होणार? मी लेकुरवाळीला पाटावर बसवलं. आमची गौर नाही तरी दगडाचीच, मग हाच दगड का नको? सासूबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, कडेवर-पाठीवर मूल आहे ना, मग बसव खुशाल.

तेव्हापासून तीच आमची गौर. तिला पाण्यात कशी सोडणार? अक्षता वाहून जागची हलवायची आणि पुन्हा शेल्फवर ठेवायची. इतक्या वर्षांची हळद तिच्या अंगरख्याच्या घड्यांत मुरली, कुंकू कपाळाच्या खाचेत बसलं. मुलाची मुंज झाली तेव्हा मी तिला हळदकुंकू वाहिलं. दुसरं बाळ पोटातच गेलं, त्या भाद्रपदातही वाहिलं. हे तेव्हा कॉन्फरन्सला होते. मी तिच्यासमोर बसून पोटभर रडले होते.

माझी आई गेली म्हणून मी पुण्याला गेले होते. परत आले तर शेल्फ रिकामं. यांनी सगळंच्या सगळं एका युनिव्हर्सिटीच्या म्युझियमला डोनेट केलं होतं. तिथं कॅनडातल्या कलाकारांची वेगळी खोली होणार होती आणि खोलीच्या दारावर यांचं नाव लागणार होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं! मी म्हटलं, अस्वलं द्या, घुबडं द्या, ती बाई माझी होती. तर म्हणे, अगं, आपल्यामागे कोण बघणार आहे? मुलगा दूर दुसऱ्या राज्यात, अर्विंगला असतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, बी रीझनेबल. इट्स सेफर देअर." भांडभांड भांडले, तेव्हा यांनी म्युझियमला विचारलं. दिलेलं परत मिळत नाही, असं उत्तर आलं. शेवटी मीच मनाची समजूत घातली. राहू दे तिथं. निदान माझी हळद तिच्या अंगावर आहे, ती तर कोणी नेत नाही.

उद्घाटनाला मी नवी साडी नेसून गेले. भिंतीवर घुबडं, बर्फातली घरं, निळ्या रंगाचं एक मोठं तळं. मधोमध काचेच्या पेटीत माझी गौर. खाली घडवणारीचं नाव ठळक अक्षरात होतं, ते बघून बरं वाटलं. त्याखाली डॉक्टरांकडून भेट. मग मी वाकून नीट बघितलं. दगड लख्ख काळा होता. कपाळ कोरडं, घड्या कोऱ्या. बाजूला पडद्यावर दोन फोटो लावले होते, सफाईच्या आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत माझी हळद दिसत होती. कापसाच्या बोळ्यांनी ती कशी हळूहळू काढली, हे तिथली एक तरुण मुलगी कौतुकानं सांगत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कोणीतरी यांना विचारलं, ते पिवळं काय होतं? हे हसले. म्हणाले, किचनजवळ असायची, करीचा मसाला उडत असेल. लोकही हसले.

मी इंग्रजीत म्हणाले, "तो मसाला नव्हता. मी तिची पूजा करत होते."

त्या मुलीचा चेहराच उतरला. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, आम्हाला कळलं असतं तर आम्ही हात लावला नसता, तो तिच्या इतिहासाचाच भाग होता. पुढे म्हणाली, आम्ही डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी कळवलं, काही विशेष नाही, खुशाल क्लीन करा.

इतके दिवस मी त्याच घरात, त्याच टेबलावर यांना चहा देत होते, आणि यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. मी यांच्याकडे बघितलं. हे घुबडाचं चित्र बघत होते.

गाडीत म्हणाले, चारचौघांत बोलायची काय गरज होती? मी विचारलं, "लाज कशाची वाटली तुम्हाला? हळदीची की माझी?" यांनी रेडिओ लावला.

मग त्या मुलीचा फोन आला. पेटी उघडू, तुम्ही एकदा येऊन पूजा करा, आम्ही व्हिडिओ काढू. मुलगी चांगली होती हो, तिचा काय दोष? पण कॅमेऱ्यासमोर पूजा करायला मी काय नाटक कंपनीत आहे? नाही म्हटलं.

भाद्रपद आला. गौरी जेवणाच्या दिवशी मी घावन-घाटलं केलं. हे आंघोळ करून टेबलाशी बसले. मी पान वाढलं. हे हात मांडीवर ठेवून थांबले, दरवर्षी थांबतात तसे. नैवेद्य दाखवल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, ही त्यांच्या आईची शिस्त. जरा वेळानं त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "जेवा. वाट कोणाची बघताय?"

ते जेवले. घाटलं पुन्हा मागून घेतलं.